दुसऱ्याच्या नावाने राज्य कसे करावे : होतकरूंसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांच्याकडे फौज आहे, खजिना आहे, हाताखाली चार हुशार कारकून आहेत आणि तरीही रात्री झोप लागत नाही, अशांसाठी ही मार्गदर्शिका आहे. झोप न लागण्याचे कारण बहुधा एकच असते. उद्या सकाळी कोणीतरी उठून विचारील, "तुम्ही कोण?" तलवारीने या प्रश्नाचे उत्तर एकदा देता येते, रोज देता येत नाही. प्रत्येक गावच्या पाटलाकडे दरवर्षी वसुलीला पलटण धाडायची म्हटली तर चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. सारा आपण होऊन आला पाहिजे, मुजरा आपण होऊन झाला पाहिजे, हुकमाचा कागद दिसताच लोकांनी तो कपाळाला लावला पाहिजे. हे साधायचे तर हुकूम तुमचा असून चालत नाही. तो दुसऱ्या कोणाचा तरी असावा लागतो आणि तुम्ही त्याचे नुसते ताबेदार असावे लागता.

ही विद्या जगभर चालते. पण तिचा कळस अठराव्या शतकात पुणे, सातारा, दिल्ली आणि कलकत्ता या चार गावांमध्ये मिळून झाला. म्हणून उदाहरणे तिथलीच घेतली आहेत. पायऱ्या क्रमाने चढाव्यात. मधली पायरी गाळल्यास होणाऱ्या नुकसानीस मार्गदर्शिकाकार जबाबदार नाही.

आधी एक इशारा

शिवाजी महाराजांनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर जे केले, ते या पुस्तिकेत शिकवले जात नाही. "तुम्ही कोण?" हा प्रश्न त्यांनाही होताच. किल्ले होते, मुलूख होता, रयत होती. पण विजापूरच्या दप्तरात ते एका जहागीरदाराचे बंडखोर पुत्र होते. त्यांनी दिलेले इनाम उद्या कोण मानणार? त्यांनी केलेला तह कोणत्या राजाने केला म्हणायचे? शेजारची जुनी मराठा घराणीही नाके मुरडत होती.

यावर त्यांनी कोणाचे फर्मान मागितले नाही. काशीहून गागाभट्ट आले, राहून गेलेली मुंज झाली, मग सिंहासन झाले, छत्र झाले. नाण्यावर एका बाजूला स्वतःचे नाव आले, दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. स्वतःचा शक सुरू झाला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश तयार झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी गडावर हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवर काय काय लटकले होते, ते त्याने लिहून ठेवले आहे : मोठमोठ्या दातांची सोन्याची माशांची डोकी, घोड्यांची शेपटे आणि समतोल धरलेला सोन्याचा तराजू. एवढ्या अवघड गडावर हत्ती चढवले कसे, याचेही त्याला नवल वाटले. पुढे सप्टेंबरात निश्चलपुरी गोसावी यांच्या हातून तांत्रिक पद्धतीचा दुसरा राज्याभिषेकही झाला. शंकेला जागा नको.

हा स्वतःच्या नावाने राज्य करण्याचा अभ्यासक्रम. त्याला धैर्य लागते, बुद्धी लागते आणि पाठीशी पंचवीस-तीस वर्षांचे काम लागते. यातले काहीच जवळ नसेल तर निराश होऊ नये. पुढे वाचावे.

पायरी १ : मालक निवडावा

मालक म्हणजे ज्याच्या नावाने तुम्ही राज्य करणार तो. त्याची निवड घाईने करू नये. चांगल्या मालकाची लक्षणे अशी : घराणे जुने आणि मोठे असावे, फौज नसावी, खजिना रिकामा असावा, आणि त्याचा मुक्काम इतका लांब असावा की "वरून हुकूम यायचाय" असे सांगून वेळ काढता यावा.

बादशहा शाह आलम दुसरा हा या दृष्टीने हिंदुस्थानातला आदर्श मालक. दिल्लीचे लोक थट्टेने म्हणत की त्याची पातशाही दिल्लीपासून पालमपर्यंत. पालम म्हणजे आज जिथे विमानतळ आहे तिथले गाव. तेव्हा पातशाहीची हद्द टॅक्सीने तासाभरात ओलांडता आली असती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण त्या नावाच्या शिक्क्यासाठी मराठे, रोहिले, अवधचे नवाब आणि इंग्रज यांची त्याच्या दारात सदैव चढाओढ चाललेली. ज्याला सगळे मिळून लुटतात, त्याच्याच सहीसाठी सगळे भांडतात, हे कोडे ज्याला उलगडले त्याची पहिली पायरी पक्की झाली. शाह आलमकडे द्यायला काहीच उरले नव्हते. पण देण्याचा अधिकार त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाकडेही नव्हता.

पायरी २ : कागद करून घ्यावा

तोंडी अधिकार वाऱ्यावर जातो. कागद हवा. कागद कसा मिळवावा याचा धडा पेशवा बाळाजी विश्वनाथ यांच्याकडून घ्यावा.

दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर दहा टक्के सरदेशमुखी मराठे त्याआधीही वसूल करत होतेच. फरक एवढाच की त्याला लूट म्हणत. तिला हक्क म्हणायचे तर बादशहाची सनद हवी. दिल्लीचा दरबार मुठीत ठेवणाऱ्या सय्यद बंधूंनी मराठ्यांशी करार केला. बादशहा फर्रुखसियरने तो मान्य करायला नकार दिला. तेव्हा सय्यद हुसेन अलीबरोबर मराठी फौज दिल्लीला गेली. फेब्रुवारी १७१९ मध्ये फर्रुखसियर गादीवरून उतरला, त्याचे डोळे गेले आणि पुढे जीवही. त्याच्या जागी क्षयाने पोखरलेला एक तरुण शहजादा, रफी-उद-दरजात, बसवला गेला. त्याच्या नावाने चौथाईच्या, सरदेशमुखीच्या आणि स्वराज्याच्या सनदा निघाल्या. त्या घेऊन, आणि तीस वर्षे मोगलांच्या कैदेत असलेल्या, छत्रपती शाहूंच्या मातोश्री येसूबाईंना सोडवून, बाळाजीपंत परतले. नवा बादशहा त्याच वर्षी जूनमध्ये वारला. सनदा मात्र शतकभर चालल्या.

या प्रकरणातून दोन नियम निघतात. सही करणारा सही करत नसेल तर सही करणारा बदलावा. आणि सही करणारा मेला तरी घाबरू नये; सही मरत नाही.

बदल्यात काही द्यावेही लागते. पंधरा हजारांची फौज बादशहाच्या चाकरीला ठेवण्याचे मराठ्यांनी कबूल केले. म्हणजे ज्याला धाक घालून कागद मिळवला, त्याच्या रक्षणाची जबाबदारीही अंगावर घेतली. पुढे कोणत्याही स्वारीला निघताना "आम्ही बादशहाच्याच कामाला चाललोय" असे म्हणायची सोय झाली.

इंग्रजांनी हाच धडा १७६५ साली अलाहाबादला गिरवला. बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीची सत्ता, ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. बादशहाला वर्षाला सव्वीस लाख रुपये ठरले. समारंभ कंपनीचा गव्हर्नर क्लाइव्ह याच्या तंबूत झाला. जेवणाच्या मेजावर खुर्ची ठेवून वर कापड पांघरले, तेच सिंहासन, असे सांगतात. त्या काळचा इतिहासकार गुलाम हुसेन याने खिन्न होऊन लिहिले आहे की गाढवाच्या सौद्यालाही याहून जास्त वेळ लागतो. होतकरूंनी यावरून दचकू नये. समारंभ किती वेळ चालला हे लोक विसरतात. दप्तरात कागद कोणाच्या नावाचा आहे, हे कोणी विसरत नाही. मात्र एक लक्षात ठेवावे. शाह आलम पुढे मराठ्यांच्या सोबतीने दिल्लीला परतला, तेव्हा इंग्रजांनी ते सव्वीस लाख बंद केले. मालक घराबाहेर पडला की भत्ता थांबवावा.

पायरी ३ : मालक खरा की खोटा, याची फार चौकशी करू नये

छत्रपती शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये निपुत्रिक वारले. औरंगजेबाशी झुंजलेल्या महाराणी ताराबाई तेव्हा साताऱ्यातच होत्या. त्यांनी सांगितले की आपला एक नातू जीव वाचवण्यासाठी गुपचूप वाढवलेला आहे. तो आणला गेला, गादीवर बसला, तोच रामराजा. वर्षाच्या आतच ताराबाईंचे त्याच्याशी फिसकटले. त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवले आणि जाहीर केले की हा आपला नातूच नव्हे. १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर त्यांचा आणि पेशव्यांचा सलोखा झाला, तेव्हाही त्यांनी शपथेवर हेच सांगितले.

आता नवशिक्या राज्यकर्त्याला वाटेल की पेशव्यांची पंचाईत झाली. गादीवरचा माणूस, ज्यांनी आणला त्यांनीच देवासमोर खोटा ठरवला. नानासाहेब पेशव्यांनी काय केले? काही नाही. रामराजा गादीवर राहिला. त्याने सांगोल्यास लिहून दिल्याप्रमाणे कारभार आधीच पेशव्यांकडे आला होता. खरा राजा असता तर कदाचित तो कारभार परत मागता. ज्याच्या खरेपणाबद्दलच शंका, तो काय मागणार? मालकाच्या अंगाला थोडी शंका चिकटलेली असणे कारभाऱ्याला सोयीचे असते.

पायरी ४ : वस्त्रे आणवावीत

याच रामराजाकडून पुढे चार पेशव्यांनी वस्त्रे, म्हणजे पदावर नेमल्याची मानाची वस्त्रे, घेतली : १७६१ मध्ये माधवराव, १७७२ मध्ये नारायणराव, १७७३ मध्ये रघुनाथराव आणि १७७४ मध्ये सवाई माधवराव. शेवटच्या दोघांची जोडी नीट पाहण्यासारखी आहे. नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यांचे काका रघुनाथराव यांनी साताऱ्याहून वस्त्रे आणवली आणि ते कायदेशीर पेशवे झाले. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई प्रसूत झाल्या, मुलगा झाला. रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, साताऱ्याहून त्याच्यासाठी वस्त्रे आणवली. तेव्हा बाळ चाळीस दिवसांचे होते. तेही कायदेशीर पेशवे झाले.

यातून वस्त्रांचे गुण कळतात. वस्त्रे घेणाऱ्याचे वय विचारत नाहीत. त्याच्या हाताला रक्त आहे की दूध, हेही विचारत नाहीत. आधी दुसऱ्या कोणाला वस्त्रे दिली होती, याची आठवणही ठेवत नाहीत. फक्त ती योग्य गावाहून यावी लागतात. पुण्यात शिंपी भरपूर होते. पण पेशवाईची वस्त्रे साताऱ्याखेरीज कुठे मिळत नसत.

हाच बाणा शिक्क्यातही ठेवावा. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव, मग 'मुख्य प्रधान' म्हणून स्वतःचे. अटकेपर्यंत फौजा गेल्या तरी शिक्क्यातला प्रधान राजा झाला नाही. हे विनयाने झाले असे भाबड्यांनी समजावे. राजा झाले असते तर शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड यांनी विचारले असते की मग आम्ही का नाही?

पायरी ५ : नम्रता बाळगावी (लोक बघत असताना)

या पायरीवर महादजी शिंद्यांचा हात धरणारा कोणी नाही. १७८४ साली त्यांनी शाह आलमकडून वकील-इ-मुतलक हे पद मिळवले, म्हणजे सबंध पातशाहीचा सर्वाधिकारी. पद स्वतःसाठी घेतले नाही. घेतले पेशव्यांसाठी, आणि आपण झाले पेशव्यांचे नायब, म्हणजे दुय्यम. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने दिल्लीत शिरून म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजींनी दिल्ली परत घेतली, गुलाम कादिरला पकडून ठार केले आणि आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले.

१७९२ च्या जूनमध्ये ते पुण्याला आले. त्या भेटीचे वर्णन ग्रँट डफने केले आहे. युरोपीय सरदाराच्या तालमीत तयार झालेल्या पलटणी ज्याच्या हाती, तो माणूस हत्तीवरून दूर उतरला आणि इतर सरदारांच्या खाली जाऊन बसला. अठरा वर्षांचे सवाई माधवराव आले, तेव्हा त्याने काखेतले बोचके सोडले. आत नवे जोडे होते. ते पेशव्यांपुढे ठेवून, जुने उचलून त्याने सांगितले की हेच आमच्या वडिलांचे काम, हेच माझे. लोक त्याला सरकार म्हणत, तो स्वतःला पाटील म्हणवत असे. पायीची वहाण पायी बरी असे म्हणतात खरे. पण ती योग्य वेळी काखेत धरली तर तिची किंमत किल्ल्याएवढी होते.

मग झाली फर्मानबाडी. भव्य तंबूत एक रिकामे तख्त मांडले. त्यावर बादशहाचे फर्मान आणि खिलत, म्हणजे मानाची वस्त्रे, ठेवली. पेशव्यांनी त्या रिकाम्या तख्तापुढे तीनदा लवून कुर्निसात केला, एकशे एक मोहरांचा नजराणा ठेवला आणि ते त्याच्या डाव्या बाजूला बसले. फर्मान वाचले गेले. खिलतीबरोबर दौत, कलमदान, शिक्का, ढाल-तलवार आणि माहीमरातब, म्हणजे मोगली माशाची निशाणे मिळाली. रायगडावर ऑक्झिंडेनने पाहिले होते तसेच मासे, एकशे अठरा वर्षांनी. पण तेव्हा ते राजाने स्वतः मांडले होते, आता ते दिल्लीहून आले. आणि बादशहाचे हे मानसन्मान धारण करायला पेशव्यांनी साताऱ्याच्या छत्रपतींची रीतसर परवानगीही घेतली.

आता साखळी जुळवून पाहावी. महादजींचा हुकूम निघतो पेशव्यांच्या नावाने. पेशवे तो काढतात बादशहाचे वकील म्हणून, छत्रपतींच्या परवानगीने. छत्रपती साताऱ्याला पेशव्यांच्या देखरेखीखाली. बादशहा दिल्लीच्या किल्ल्यात, आणि किल्ल्यावर पहारा महादजींच्या शिपायांचा. हुकूम जिथून निघाला तिथेच फिरून आला, पण वाटेत तीन मोठी नावे घेऊन आला. अशी साखळी ज्याला जमली, त्याला पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही.

पायरी ६ : नाणे दुसऱ्याचे पाडावे

पुण्याच्या अंकुशी रुपयावर मोगल बादशहाचे नाव असे. पेशव्यांची खूण म्हणजे कोपऱ्यातला छोटा अंकुश. पण या कलेत इंग्रज सर्वांच्या पुढे गेले. कंपनीच्या बंगालच्या रुपयावर शाह आलमचे नाव आणि त्याच्या राज्याचे १९ वे वर्ष असे. हे १९ वे वर्ष कित्येक वर्षे बदललेच नाही. वर्ष पुढे गेले की जुन्या रुपयावर सराफ बट्टा कापत. म्हणून कंपनीने वर्षच थांबवून टाकले. शाह आलम १८०६ मध्ये वारला. त्याच्या नावाची नाणी १८३५ पर्यंत पडतच राहिली. मालक मेल्यावरही कामावर हजर ठेवण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

दवंडीही तशीच पिटावी : "खल्क खुदा का, मुल्क बादशाह का, हुक्म कंपनी बहादूर का." सृष्टी देवाची, मुलूख बादशहाचा, आणि तुमच्या वाट्याला बिचारा नुसता हुकूम.

पायरी ७ : तोतयांपासून सावध राहावे

नावावर राज्य चालते, हे एकदा लोकांना कळले की ते नाव दुसरा कोणीही उचलू शकतो. हा या धंद्यातला कायमचा धोका. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या छावणीतून सुटून आले, तेव्हा हा खरा शाहू नव्हे, तोतया आहे, असा पुकारा झाला होता. धनाजी जाधवांची खात्री पटली आणि ते शाहूंकडे आले, म्हणून ताराबाईंच्या फौजेशी झालेली खेडची लढाई फिरली. पुढे पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया उठला. १७७६ साली त्याने कोकणातले किल्ले घेतले, लोक त्याच्या झेंड्याखाली जमले आणि पुण्याच्या कारभाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. अखेर तो पकडला गेला, चौकशी होऊन पुण्यात मारला गेला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले, ते 'तोतयाचे बंड'.

नवशिक्यांनी यातला नाजूक भाग ध्यानात घ्यावा. भाऊंच्या तोतयाकडे चेहरा होता, फौज होती, काही काळ लोकांचा विश्वासही होता. त्याचे चुकले एवढेच की त्याच्याकडे साताऱ्याची वस्त्रे नव्हती. रामराजाला शपथेवर खोटे ठरवले तरी तो वस्त्रे देत राहिला. खरेखोटेपणा कारभाऱ्यांच्या दप्तरात ठरतो.

पायरी ८ : मालक सांभाळावा, नाहीतर दुसरा उचलतो

ही विद्या पेशवे शेवटी विसरले आणि पुण्यातला इंग्रजांचा वकील एल्फिन्स्टन शिकला. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी सातारा घेतला. तिथे निघालेल्या जाहीरनाम्याचा मथितार्थ असा होता की बाजीरावाने राज्य गमावले आहे आणि साताऱ्याच्या महाराजांना आम्ही मानाने गादीवर बसवू. म्हणजे पेशव्यांचे राज्य पेशव्यांच्याच मालकाच्या नावाने घेतले. दुसरे बाजीराव पळताना साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना बरोबर घेऊन फिरत होते, यावरून त्यांनाही मोल कळत होते. पण अष्टीच्या लढाईत महाराज इंग्रजांच्या हाती लागले. पेशवे वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेले. साताऱ्याला महाराजांवर देखरेख करायला जो इंग्रज अधिकारी नेमला, तो कॅप्टन ग्रँट डफ. जोड्यांची आणि रिकाम्या तख्ताची गोष्ट आपल्याला त्याच्याच इतिहासातून ठाऊक आहे. मालक सांभाळायचे काम चालू असताना त्याने आधीच्या कारभाऱ्यांच्या युक्त्यांची टिपणेही काढून घेतली.

पुढची पायरी कंपनीने आपण होऊन खणली. १८१९ च्या तहात साताऱ्याचे राज्य वंशपरंपरेने दिले होते. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन चौदा वर्षे न्याय मागत राहिले. १८४८ मध्ये गादीवरचे शहाजी महाराज वारले. दत्तक अमान्य झाला आणि सातारा खालसा झाले. तहातले 'वंशपरंपरा' हे शब्द कोणी खोडले नाहीत. नुसते वाचायचे सोडून दिले.

मग आले १८५७. मेरठहून निघालेले शिपाई थेट दिल्लीला गेले आणि त्यांनी त्याच जुन्या मालकाचे दार ठोठावले. बहादूरशहा जफर हातात फौज नसलेला म्हातारा शायर. पण नाव त्याचे होते आणि कंपनीनेच ते नाव शंभर वर्षे घासूनपुसून चकचकीत ठेवले होते. उठाव मोडल्यावर कंपनीने लाल किल्ल्यात बादशहावरच राजद्रोहाचा खटला चालवला. ज्याच्या दिवाणीवर कंपनीचे राज्य उभे राहिले, त्यालाच कंपनीचा बंडखोर ठरवले. एफ. डब्ल्यू. बकलर नावाच्या इतिहासकाराने १९२२ साली प्रश्न विचारलाच की बंड नेमके कोणी कोणाविरुद्ध केले होते? बादशहा रंगूनला गेला. पण मालक गेल्यावर कारभारीही फार टिकत नाही. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा वाचला गेला आणि कंपनीचे राज्य संपले. मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. न्यायाधीशाच्या खुर्चीखालची चौकटही त्याच्याच लाकडाची असते.

चालू आवृत्ती

राजे गेले, तनखे १९७१ च्या घटनादुरुस्तीने गेले. मग ही विद्याही गेली, असे कोणाला वाटत असेल तर त्याने महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय काढून शेवटचे पान पाहावे. विषय काहीही असो : पाणीपुरवठा योजनेचे सुधारित अंदाजपत्रक, लिपिकांची पदे, खुर्च्यांची खरेदी. तळाशी ओळ असते : "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". तिच्याखाली सही असते कक्ष अधिकाऱ्याची, फार तर उपसचिवाची. खुर्च्यांचा तो कागद राजभवनावर कोणी पाहिलेला नसतो. पाहायची गरजही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ नेच सांगितले आहे की राज्याची सगळी शासकीय कारवाई राज्यपालांच्या नावाने व्हावी. दिल्लीत हेच काम अनुच्छेद ७७ राष्ट्रपतींच्या नावाने करतो.

पायरी ५ मधली साखळी इथेही लावून पाहावी. कक्ष अधिकारी सही करतो राज्यपालांच्या नावाने. राज्यपालांना नेमतात राष्ट्रपती. राष्ट्रपतींना निवडतात खासदार आणि आमदार. खासदार-आमदारांना निवडतो मतदार. आणि हा मतदार सकाळपासून अर्ज घेऊन त्याच कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभा असतो. साहेब जेवायला गेलेले असतात. हुकूम निघाला तिथेच फिरून आला. महादजी पाटलांनी पाहिले असते तर मान डोलावली असती.

या नव्या मालकाला 'मतदारराजा' म्हणतात. पायरी १ मधली लक्षणे त्याला लावून पाहावीत. घराणे जुने : राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवातच त्याच्या नावाने होते. फौज नाही. खजिना त्याचा आहे, पण किल्ली नाही. मानपान भरपूर. दर पाच वर्षांनी त्याला वाजतगाजत बाहेर काढून त्याच्या हातून वस्त्रे घ्यायची. त्या दिवसांत जोडे काखेत धरायला सगळे तयार असतात. बोटाची शाई वाळली की त्याला परत साताऱ्याला पोहोचवावे.

तरी होतकरूंना या मालकाबद्दल एक धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. शाह आलम एक होता, त्याला किल्ल्यात ठेवता आले. हा मालक एकट्या महाराष्ट्रात नऊ कोटींहून जास्त आहे. एवढा मोठा किल्ला अजून कोणी बांधलेला नाही. आधीचे मालक हिशेब मागत नव्हते, कारण त्यांना भत्ता तुम्ही देत होता. याच्या बाबतीत तुमचा पगार तो देतो. ही गोष्ट त्याच्या सहसा लक्षात येत नाही, आणि ती येऊ नये म्हणून आधीच्या आठही पायऱ्या काळजीपूर्वक पाळाव्यात.

स्वाध्याय

१. जोड्या लावा : (अ) नायब (आ) वकील-इ-मुतलक (इ) मुख्य प्रधान (ई) कक्ष अधिकारी. यांतला प्रत्येक जण कोणाच्या नावाने सही करतो ते लिहा. शेवटी उरलेल्या माणसाचे नाव सांगा.

२. कारणे द्या : (अ) मेलेल्या बादशहाच्या नावाने नाणी पाडणे सोयीचे असते. (आ) वाचायचे सोडून दिलेला तह खोडलेल्या तहापेक्षा जास्त दिवस टिकतो.

३. चूक की बरोबर ते सांगा : राज्यकर्त्याने जोडे उचलले म्हणजे तो सेवक असतो.

४. थोडक्यात उत्तर लिहा : रामराजा आणि भाऊंचा तोतया यांपैकी खोटा कोण? उत्तराच्या पुष्ट्यर्थ फक्त दप्तरातले पुरावे द्यावेत.

५. उपक्रम : जवळच्या सरकारी कार्यालयात जा. तुमच्या गावाविषयी तुमच्याच नावाने निघालेला कोणताही एक आदेश पाहायला मागा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. मालकाला आपलाच कागद पाहायला पैसे भरून महिनाभर का थांबावे लागते, यावर दहा ओळी लिहा आणि त्या साहेब जेवून आल्यावर त्यांच्या टेबलावर ठेवून पोच घ्या.